चारच्या उन्हातला ब्लूज: शनिवारी कोण कोण होतं?

गंगापूररोडी | रविवार, रात्री ११:४०

मंडळी, काल आपल्या नाशकात धरणाच्या वाटेवर द्राक्षमळ्यात जो संगीत महोत्सव झाला त्याला इथलं कुणी होतं का? मला फक्त चार वाजताच्या ब्लूजवाल्यांबद्दल बोलायचंय (ब्लूज म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं गाणं). रात्रीच्या डीजेसाठी वेगळा धागा काढा, मी फिरकणार नाही.

आधीच सांगतो, मी ब्लूज ऐकायला गेलो नव्हतो. पुतणीला आणि तिच्या मैत्रिणींना सोडायला गेलो. गाडी शेतातल्या पार्किंगमध्ये अशी कोंडली की अंधार पडेपर्यंत निघणार नाही म्हणाले. एका मैत्रिणीचा भाऊ आला नव्हता, त्याचा पास मिळाला. दुसरा गेटवर पैसे मोजून घ्यावा लागला, कारण गाडीत आमचे तात्या "जरा हवा खायला" म्हणून बसले होते. तात्या म्हणजे सासरे. वय ७४, मखमलाबादकडच्या भजनी मंडळात चाळीस वर्षं पखवाज.

फेब्रुवारीतलं आपल्याकडचं ऊन तुम्हाला माहितीये. पहाटे कुडकुडायचं आणि दुपारी डोक्यावर उपरणं घ्यायचं. स्टेजसमोर चाळीसेक माणसं, बाकी सगळी सावलीत पिझ्झाच्या रांगेत. स्टेजवर चौघं. गिटार, बेस, ड्रम आणि एक काटकुळा मुलगा, तोच गायचा आणि तोच माउथ ऑर्गन वाजवायचा. ऊन थेट त्यांच्या तोंडावर. तारा तापून उतरत होत्या, गिटारवाला दर गाण्यानंतर खुंट्या पिळत बसायचा. त्यात स्पीकरमधून अखंड घूंऽऽ. तिसऱ्या गाण्याच्या मध्यावर जनरेटर बसला आणि सगळंच गप्प.

अशा वेळी काय होतं ते आपण गणपतीत दरवर्षी बघतो. कलाकार आत जातो आणि निवेदक बंद माईकवर "थोड्याच वेळात" म्हणतो. इथे तो मुलगा स्टेजच्या कडेला येऊन पाय सोडून बसला. माउथ ऑर्गन तळहातावर दोनदा आपटला, जीन्सला पुसला आणि सुरू झाला. ड्रमवाल्याने एकच काठी घेऊन स्टेजच्या फळीवर ठोका धरला. आधी आगगाडी. लांबून येणारी, वेग घेणारी, मध्येच शिट्टी. चार पोरं हसत जवळ आली. मग गाडी लांब गेली आणि राहिला एकच स्वर, तो खाली खाली ओढत नेलेला. नेईल तिथे थांबेना, सोडेल म्हणावं तर सोडेना.

तात्या तोवर खुर्चीत पेंगत होते, ते ताठ बसले. "गंधार नीट लावत नाहीये," म्हणाले. गंधार म्हणजे सारेगमातला ग. थोड्या वेळाने माझ्याकडे न बघताच म्हणाले, "लावता येत नाही असं नाही. लावायचाच नाहीये त्याला."

दहा मिनिटं असतील फार तर. पण त्या दहा मिनिटांत पिझ्झाची रांग मोडली आणि दोनेकशे माणसं गवतात बसून ऐकत होती. मग जनरेटर सुरू झाला, घूं घूं परत आली आणि निम्मी माणसं उठून गेली.

माझं म्हणणं असं, की हे संगीत मैदानाचं नाहीच. पाडवा पहाटेला पिंपळपारावर मांडी घालून बसतो, तसं बसून, शक्यतो माईकशिवाय ऐकायला हवं. चारच्या उन्हात पोटभरू म्हणून वाजवायचं असेल तर बोलवायचंच कशाला? तुम्हाला काय वाटतं? आणि कुणी जाणकार तात्यांच्या त्या गंधाराचा उलगडा करेल काय?

निफाडची_थंडी

त्या पिझ्झाच्या रांगेत मी होते. रांग सोडून आले, परत गेले तर नंबर गेलेला. तक्रार नाही.

रोखठोक

दोन हजाराचं तिकीट, शब्द कळत नाहीत, आणि कौतुक कशाचं तर गंधार न लागल्याचं. गायक बापूराव पलुस्कर १९२१ साली ज्या गावात जन्मले त्या गावात हे ऐकायची वेळ आली. चालू द्या.

पेटीमास्तर

रोखठोक, बापूरावांचा मीही भक्त आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. धागाकर्ते, तात्यांना आधी माझा नमस्कार सांगा. त्यांनी नेमकं पकडलंय.

माउथ ऑर्गन आणि आपली पेटी एकाच घराण्यातल्या. दोन्हीत पितळेची बारीक पट्टी वाऱ्याने थरथरते आणि स्वर निघतो. पेटीवर तो स्वर वाकत नाही, मींड (एका सुरातून दुसऱ्यात घसरत जाणं) निघत नाही. रेडिओने १९४० साली पेटीवर बंदी घातली त्यामागे ही एक मोठी तक्रार होती, आणि ती बंदी उठायला १९७१ उजाडलं. (माझ्या वडिलांनी त्या काळात पेटीवर पोट भरलंय, त्यामुळे हा विषय निघाला की मी जरा तापतो. असो.) माउथ ऑर्गनमध्ये वारा भात्याचा नसतो, छातीचा असतो. जीभ मागे घेऊन तोंडाच्या आतली पोकळी बदलली की तीच पट्टी खालच्या सुरात बोलायला लागते. जे आम्हाला बोटांनी जमलं नाही ते हे लोक जिभेने करतात.

आता खरी गंमत. ब्लूजवाले दहा छिद्रांचा साधा माउथ ऑर्गन घेतात आणि मुद्दाम भलत्याच पट्टीत (इथे पट्टी म्हणजे सा कुठे धरला ते) वाजवतात. बाजा सी पट्टीचा असेल तर सा धरतात 'जी' या सुरावर, म्हणजे बाजाच्या पंचमावर. का, तर खालच्या सहा छिद्रांत वाकतात ते श्वास आत ओढून काढलेले स्वर, आणि पंचमाला सा धरलं की कामाचे सगळे स्वर ओढण्यात येतात. तिसऱ्या छिद्रात ओढलं की शुद्ध गंधार. तोच अर्धा सूर वाकवला की कोमल गंधार. ब्लूजचा गंधार या दोघांच्या मधल्या बोळात कुठेतरी हेलकावत असतो, आणि तो तिथे हेलकावतो म्हणूनच ब्लूज वाटतो. तात्यांनी ऐकलं ते हेच.

गिटारवाले सुरुवातीला पाच सुरांची एक सरगम घोटतात. सा, कोमल ग, म, प, कोमल नी. हा आपला धानी. दोन्ही गंधार दिसतात म्हणून कुणी जोगही म्हणेल, पण जोगात चढताना शुद्ध आणि उतरताना कोमल अशी शिस्त आहे. इथे तसली शिस्त नाही. तेव्हा स्वर ओळखीचे आहेत, राग मात्र शोधू नका.

ढोलकरी_नाशिकरोड

मास्तर, एक नंबर!

मी १२ वर्षं पथकात आहे, तेव्हा मी फक्त ठोक्याबद्दल बोलतो. मी होतो तिथे आणि मी तात्यांना बघितलं (पांढरी टोपी, बरोबर ना?). जनरेटर बंद असताना ते टाळी देत होते, पण पहिल्या आणि तिसऱ्या ठोक्यावर. ड्रमवाला हसत होता, कारण ब्लूजची टाळी पडते दुसऱ्या आणि चौथ्यावर. आपल्या हाताला समेची सवय, तो आपसूक एकवर पडतो.

शिवाय तो ठोका सरळ नसतो. प्रत्येक ठोक्याचे तीन भाग करायचे, पहिला आणि तिसरा वाजवायचा, मधला गिळायचा. टा ऽ क, टा ऽ क. लंगडत चालल्यासारखा. याला ते शफल म्हणतात. आमच्या पथकातल्या पोरांना रविवारी करून दाखवला, तर ताशावाल्याने पाच मिनिटांत उचलला आणि ढोलवाले अजून धडपडतायत.

आणि आवर्तन बारा बारचं, बारमध्ये चार ठोके, म्हणजे ४८ ठोके. पहिले चार बार घरात, समजा ए सुरावर. मग दोन डीवर, दोन परत घरात. मग एक ई, एक डी आणि शेवटचे दोन घरी येऊन पुढची उचल घ्यायला. एकदा हे कानात बसलं की न ऐकलेल्या गाण्यातही आता कुठे वळणार ते कळतं. कळलं की मजा दुप्पट.

गंगापूररोडी

पांढरी टोपी, बरोबर. टाळीचं आत्ताच तात्यांना सांगितलं. "मग त्याने आधी सांगायचं होतं," एवढंच म्हणाले.

सुमन_देवळाली

मी गेले नव्हते पण धागा वाचून घरी दोन तास ब्लूज ऐकला. गाण्याचा साचा बघून चाट पडले. पहिली ओळ, तीच ओळ पुन्हा, आणि तिसऱ्या ओळीत तिचं उत्तर. प्रत्येक ओळ अर्ध्यात संपते आणि उरलेल्या जागेत गिटार हुंकार देते. माझी आजी जात्यावर बसायची तेव्हा समोरची काकू असाच हुंकार द्यायची! गी पॉइटव्हिन आणि हेमा राईरकर यांनी खेड्यापाड्यांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, त्यातल्या कितीतरी अशाच एकट्या बाईच्या दुःखाच्या आहेत. जात्यावरची ओवी हा आपला ब्लूजच म्हणायचा.

काळी_माती

सुमनताई, धागाकर्ते, दोघांशीही असहमत. तुमचं ऐकणं खोटं नाही, पण निष्कर्ष उलटा निघतोय.

ओवी पहाटे, दार लावून, दोन बायकांत गायली जायची. ऐकायला जमाव नाही, बिदागी नाही. ब्लूज तसा नव्हता. मिसिसिपीच्या कापसाच्या मळ्यांत आठवडाभर राबलेली काळी माणसं शनिवारी रात्री एखाद्या खोपटात जमायची. तिथे दारू, मासे तळलेले, जुगार, आणि कोपऱ्यात एक गिटारवाला. त्याचं काम माणसं नाचती ठेवायचं. नाचणं थांबलं की त्याची कमाई थांबली. म्हणजे हा धंद्याचा माणूस, आणि ब्लूज धंद्याचं गाणं. १९२० साली मेमी स्मिथची रेकॉर्ड निघाली आणि इतकी खपली की कंपन्या गायिका शोधत दारोदार फिरू लागल्या.

बी. बी. किंगची गोष्ट घ्या, तो स्वतःच सांगायचा. १९४९ साली आर्कान्सामधल्या ट्विस्ट नावाच्या गावात थंडीत नाच चाललेला. उबेला मध्यभागी पिंपात रॉकेल पेटवलेलं. दोन गड्यांची मारामारी झाली, पिंप कलंडलं, खोपटं पेटलं. सगळे बाहेर पळाले, हा गिटार राहिली म्हणून परत आत शिरला. भांडण ल्युसिल नावाच्या बाईवरून होतं हे नंतर कळलं, तेव्हापासून त्याच्या गिटारचं नाव ल्युसिल. आता सांगा, यात मांडी घालून शांत बसलेला श्रोता कुठे आहे?

माईकशिवाय म्हणालात त्याबद्दल. मडी वॉटर्स १९४३ मध्ये मळा सोडून शिकागोला गेला. तिथल्या गुत्त्यांच्या गोंगाटात साधी गिटार ऐकू जाईना म्हणून विजेची घेतली. लिटल वॉल्टरने स्वस्तातला माईक मुठीत माउथ ऑर्गनला चिकटवून धरला तो त्याच कारणाने. ज्या आवाजाला आज आपण ब्लूजचा आवाज म्हणतो तो गोंगाटावर मात करायला जन्मला. तुम्ही त्याला पिंपळपारावर बसवून शाल-नारळ देणार, मग तो उठून जाईल.

माझं म्हणणं उलट आहे. डीजेची वेळ यांना द्या. अंधार, गर्दी, हातात ग्लास, नाचायची तयारी. शनिवारी रात्री तिथे नेमका तोच श्रोता होता, फक्त त्याच्यापुढे ब्लूजवाले नव्हते.

गंगापूररोडी

हे पटलं नाही असं म्हणवत नाही, आणि पटलं म्हणायलाही जड जातंय. मी स्वतः बघितलं की वीज गेल्यावर माणसं जवळ आली.

काळी_माती

वीज गेली म्हणून नाही आली. तो मुलगा खाली उतरून त्यांच्यात बसला म्हणून आली.

मेहबूबची_रांग

काळी_माती +१. २०११ च्या फेब्रुवारीत वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत बडी गाय या अमेरिकन ब्लूज गिटारवाल्याला ऐकलं. नाशिकहून चौघं एका गाडीत गेलो होतो, परतताना कसाऱ्याच्या घाटात पहाट झाली. वाजवता वाजवता श्रोत्यांत उतरायची त्याची जुनी खोड. कुजबुजीइतक्या हळू आवाजावर आणायचं आणि मग अचानक फोडायचं. माईक, ॲम्प, दिवे, सगळं होतं, आणि तरी शेजारी बसून वाजवतोय असं वाटायचं. वय तेव्हा ७४. (तात्यांएवढंच!)

आणि आपल्या देशातलं हवं असेल तर शिलाँगचे सोलमेट ऐका. रूडी वॉलांगची गिटार आणि टिप्रिती खारबंगारचा आवाज, २००३ पासून वाजवतायत. त्या बाईचा आवाज माईक बंद पडला तरी धरणापलीकडे जाईल.

रोखठोक

दुःखाचं गाणं, गरिबाचं गाणं, आणि ऐकायला दोन हजार. यावर कुणीच बोलत नाहीये.

सिन्नरचा_पाहुणा

मी बोलतो. तुमचा मुद्दा तिकिटापुरता बरोबर आहे. पण गरिबाचं गाणं म्हटलं की रडकंच असतं हे कुठून आलं?

लोककवी वामनदादा कर्डक आमच्या सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे, जन्म १९२२ चा. माझ्या आजोबांनी त्यांचे जलसे ऐकलेत. रात्र रात्र माणसं उभी असायची, आणि आजोबा सांगायचे ते हशाबद्दल जास्त सांगायचे. एका ओळीत काळजाला हात घालायचा आणि पुढच्या ओळीत कोपरखळी. शनिवारचा तो मुलगाही तसंच करत होता. त्याच्या एका गाण्यात बायको घर सोडून जाते आणि जाताना कुत्रा पण घेऊन जाते. तो कुत्र्यासाठी जास्त रडतो. मला इंग्रजी यथातथाच येतं, तरी एवढं कळलं.

आणि हे नातं आजचं नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामी मोडणाऱ्या लोकांना. ज्या गावात १९३० साली काळाराम मंदिराच्या दारात माणसं उभी होती, तिथे हे गाणं परकं वाटायचं कारण नाही. परकं आहे ते तिकीट. शेजारच्या मळ्यात छाटणी करणारी दहाबारा माणसं कुंपणापलीकडे बांधावर बसून ऐकत होती. फुकट. त्यांना आवाज आमच्याहून चांगला येत असावा.

केबलवाला

आवाजाचा विषय निघाला म्हणून लॉगिन केलं. मी त्या कार्यक्रमाच्या कामावर नव्हतो, पण प्रेक्षकात होतो आणि राहवेना म्हणून मागे जाऊन बघून आलो.

ती घूं घूं म्हणजे ५० हर्ट्झची गुणगुण. एक तर दिव्यांच्या वायरी आणि गिटारच्या वायरी एकाच गठ्ठ्यात बांधलेल्या. दुसरं, अर्थिंगची सळई कोरड्या मुरमात वीतभर ठोकलेली. त्यावर बादलीभर मिठाचं पाणी ओतलं असतं तर निम्मी गुणगुण तिथेच गेली असती. उरलेली निम्मी त्या गिटारची. जुन्या पद्धतीचे एकेरी पिकअप (तारांचा आवाज पकडणारी चुंबकं) असले की ते आजूबाजूची वीज ओढून घेतात. ब्लूजवाल्यांना तोच सूर आवडतो, त्याला इलाज नाही.

बाकी सगळे गंधारावर बोलतायत, मला आवडलं ते वेगळंच. सहानंतर गार वारा सुटला तेव्हा तो मुलगा दुसऱ्या एका बँडबरोबर दोन गाण्यांना परत आला होता. पुढचा माउथ ऑर्गन काखेत दाबून उभा. गार बाज्यात श्वासाची वाफ जमते आणि पट्टी अडकते, म्हणून आधी ऊब द्यायची. गाणं बदललं की काखेतला तोंडाला, तोंडातला काखेत. प्रत्येक पट्टीला वेगळा बाजा, कमरेच्या पट्ट्यात सहा-सात होते.

निफाडची_थंडी

काखेतला तोंडाला?? पिझ्झा परवडला.

एक_स्वयंसेवक

नाव लिहीत नाही. शनिवारी मी गळ्यात बिल्ला घालून फिरत होतो, त्यामुळे चार वाजता का, याचं उत्तर माझ्याकडे आहे. रात्री दहाला स्पीकर बंद करावेच लागतात, तो कायदा आहे. मग दहाच्या आधीचे दोन तास सगळ्यात महाग. ज्याच्या नावावर तिकिटं खपतात तो तिथे. त्याच्या आधीचे तास त्याच्याहून कमी नावाला, असं करत करत उतरायचं, आणि जो येताना फक्त जेवण आणि प्रवासखर्च मागतो तो चारला येतो. ब्लूजवर कुणाचा राग नाही.

जनरेटरचं मात्र आमचंच चुकलं. डिझेल बघायचं काम ज्याचं होतं तो मीच. पुढचं बोलत नाही.

गंगापूररोडी

स्वयंसेवक दादा, तुमचे आभारच मानायला हवेत. डिझेल संपलं नसतं तर मी हा धागा काढला नसता.

काळी_माती, दोन दिवस विचार केला. पिंपळपार मागे घेतो. पण डीजेची वेळही नको, सहाची द्या. ऊन उतरलेलं, वारा सुटलेला, ग्लास आलेले, तारा जरा चढलेल्या. आणि स्टेज गुडघ्याएवढंच उंच ठेवा, उतरायला सोपं.

काळी_माती

सहा चालेल. साडेसहा केलंत तर मीही येईन.

गंगापूररोडी

एक राहिलंच. परवा भजनी मंडळात तात्यांनी टाळकऱ्यांना दोन आणि चारवर टाळ द्यायला लावले. एक अभंग कसाबसा पार पडला, दुसऱ्याला बुवांनी हात जोडले. मी दरम्यान मेन रोडवरून सी पट्टीचा बाजा आणलाय. तिसऱ्या छिद्रात ओढतोय, गंधार शुद्ध लागतो आणि तसूभर वाकत नाही. तात्या शेजारी बसून "जीभ मागे घे, जीभ मागे" म्हणतायत. मास्तरांचा प्रतिसाद त्यांना वाचून दाखवला ही माझीच चूक.

पेटीमास्तर

महिनाभर वाकणार नाही. शेजाऱ्यांना आत्ताच सांगून ठेवा.